दादाचं लिव्हर, माझं लिव्हर (एका कमेंटला उत्तर)

ताई, लिव्हर ट्रान्सप्लांटनंतर दादाचं वजन वाढलं त्यावरच्या माझ्या पोस्टखालची तुमची कमेंट दोनदा वाचली. पहिल्यांदा जरा रागच आला, म्हणून काल उत्तर टाकलं नाही. तुमचं म्हणणं असं की मरणाच्या दारातून परत आलेला माणूस दोन घास सुखाने खायला बसला की आम्ही वजनकाटा घेऊन हजर, आणि वर नवीन लिव्हर डोनरचं, चांगलं ठणठणीत, त्याला कुठून चरबी धरणार?

दुसरा मुद्दा आधी घेतो, कारण तो अक्षरशः माझ्या पोटातला आहे. दादाला लिव्हर मीच दिलं. तेव्हा माझ्याच सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं, डॉक्टर म्हणाले आधी वजन उतरवा मग बघू, तीन महिन्यांत ९ किलो उतरवले तेव्हा कुठे ऑपरेशनची तारीख मिळाली. याला चार वर्षं झाली. माझ्याकडे राहिलेला तुकडा वाढून परत पूर्ववत झालाय, चरबी नाही. आणि दादाकडे गेलेल्या तुकड्यावर, म्हणजे त्याच लिव्हरवर, चरबी आहे. दादाचं वजन १७ किलोंनी वाढलंय. आता एका घरावरून काही सिद्ध होत नाही हे कबूल, पण डॉक्टरांना यात काही नवल वाटलं नाही. लिव्हर बदललं तरी बाकीचं शरीर जुनंच ना, तीच शुगर, तेच पोट. मूळ लिव्हर फॅटीमुळे गेलेलं असेल तर हे परत यायची शक्यता जास्तच, पण दारूने किंवा हिपॅटायटिस सी ने गेलेल्यांच्या नव्या लिव्हरवरही येतं.

पहिल्या मुद्द्यावर मात्र तुम्ही बरोबर आहात. 'जिभेवर ताबा नाही' असं शीर्षक मी द्यायला नको होतं, बदललंय. कारण सगळा दोष जिभेचा नाहीच. सुरुवातीचे काही महिने स्टिरॉइड, त्याने भूक खवळते. टॅक्रोलिमसने शुगर चढते, बीपी चढतं, आणि शरीराने नवं लिव्हर नाकारू नये म्हणून ती गोळी असते, सोडताही येत नाही. त्यात ऑपरेशनआधी वर्षभर अळणी खाऊन, खाल्लेलं न पचून माणूस काडी झालेला असतो, नंतर एकदम भूक परत येते आणि घरचे (आम्हीच!) शिरा, पेढे, अजून एक पोळी करत मागे लागतो. पहिले काही किलो तर वाढायलाच हवेत, पण तेव्हाही मसलपेक्षा चरबीच जास्त भरते. कुठे थांबायचं ते मात्र आम्हाला कुणी सांगितलंच नाही. ऑपरेशनआधीचं वजन धरून चालत नाही, दादाच्या पोटात तेव्हा कितीतरी लिटर पाणी होतं. आणि बीएमआयचं (उंचीच्या मानाने वजन) म्हणाल तर लठ्ठपणाचा पाश्चात्त्य ३० चा आकडा आपल्याला लागू नाही, आपल्याकडे २५ पासूनच लठ्ठ धरतात.

तुम्ही लिहिलंय की मिस्टरांचे एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी) नॉर्मल आहेत. दादाचेही होते, फायब्रोस्कॅन (लिव्हरमधली चरबी आणि कडकपणा मोजणारा स्कॅन) केला तेव्हा चरबीचं कळलं. हा स्कॅन करायचा का, एवढं मात्र ट्रान्सप्लांटच्या टीमला विचाराच, आणि शुगर, कोलेस्टेरॉलही बघून घ्या, ट्रान्सप्लांटनंतर काही वर्षांनी माणसं लिव्हर चांगलं असूनही हार्टने जातात. वजन उतरवायची कुठलीही आयुर्वेदिक पावडर, काढा असलं काही परस्पर देऊ नका, टॅक लेव्हलचा (रक्तातल्या टॅक्रोलिमसच्या प्रमाणाचा) गोंधळ होतो.

दादाचा पुढचा स्कॅन दिवाळीनंतर आहे. वहिनीने चकलीची भाजणी या वेळी अर्धीच दळून आणलीय, त्यावरून दोन दिवस घरात अबोला आहे.