सातपुड्यातलं पोर हॉटेलात टिकू नये म्हणून

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याची चाळीस पोरं हॉटेल प्रशिक्षणाला जमली, की निम्मं काम झालंच समजा, भाऊ. आता ती परत पाड्यावर कशी पोचतील, एवढंच बघायचं.

बॅच होळीच्या तोंडावर सुरू करा. आधी भोंगऱ्याचे म्हणजे होळीआधीचे आदिवासी बाजार, मग काठी गावची राजवाडी होळी; ढोल वाजला की पोरं गावी जाणारच. अंगठ्याच्या हजेरीत आठवडाभराचा खाडा पडला, की ‘या मुलांना शिस्त नाही’ हे अहवालात लिहायला तुम्ही मोकळे. बॅच होळीनंतर घेतली तर एवढं चांगलं वाक्य वाया जाईल.

‘हुनर से रोजगार तक’ योजनेत स्वयंपाकाला ८ आणि वाढपाला ६ आठवडे धरले होते. त्यातले निम्मे पडद्यावरच्या चित्रांत घालवा. पोर घरी पावरी बोलतं, शाळेत मराठी, बाजारात अहिराणी, सुरतेला गेलं की गुजराती. त्याला रोज सांगा की तुला भाषाच येत नाही. वाढप्याचं काम चाळीसेक इंग्रजी वाक्यांत भागतं, हे त्याच्या कानावर जाऊ देऊ नका.

ट्रे कपाटात कुलूपबंद ठेवा, ओरखडे पडतात. बाहेर काढलेत तर पोरं पाण्याने भरलेल्या सहा बाटल्या डाव्या तळव्यावर घेऊन रोज अर्धा तास फिरतील. जड वस्तू अंगाच्या बाजूला, उंच ग्लास मधोमध, हे हाताला कळेल. एकाच बाजूचे ग्लास उचलत गेलं की ट्रे दुसरीकडे कलंडतो. हे ज्ञान लग्नाच्या हॉलमध्ये, वरमाईच्या शालूवरच मिळालेलं बरं.

स्वयंपाकघरात रंगांचा तक्ता ठळक लावा: कच्च्या मटणाला लाल पाट, भाजीला हिरवा, मासळीला निळा. कापायला मात्र एकच पांढरा पाट ठेवा. अन्न ५ ते ६० अंशांच्या मध्ये राहिलं की जंतू वाढतात, हा प्रश्न परीक्षेत हमखास येतो, तेव्हा पाठ करून घ्या. सकाळचा भात ओट्यावर असू द्या. थर्मामीटर तपासणीच्या दिवशी काढावा, नाहीतर सेल उतरतो.

आणि शिकवायचं काय? व्हाइट सॉस. शेवभाजीचं नाव काढू नका. तिची शेव जाड लागते आणि ती ताट निघताना रश्शात टाकायची. आधी टाकली की फुगून लगदा होतो. ही एवढीशी गोष्ट कळली, तर पोराला हायवेवरच्या ढाब्यात उद्या काम मिळेल. भौगोलिक मानांकन मिळालेलं जळगावचं भरिताचं वांगं कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर भाजणारी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापणारी पोरगी तुमच्याच वर्गात बसलेली असते. तिला कांद्याचे बारीक चौकोन करायला बसवा.

बूट सगळ्यांना ९ नंबरचे. चपलेत वाढलेला पाय नव्या काळ्या बुटात दहा-बारा तास उभा राहिला की पहिल्या रात्री टाचेला फोड, तिसऱ्या दिवशी लंगडणं, पाचव्या दिवशी नंदुरबारची गाडी. मापाचे बूट आणि जाड सुती मोजे देऊन दोन आठवडे वर्गातच वापरायला लावले तर हे टळतं, म्हणून त्या खर्चात पडू नका.

मुख्य काम मात्र पैशाचं. नोकरी सुरतेला लावा. पगार पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला, आणि खोलीचं डिपॉझिट, खाणावळ, रिक्षा आजपासून. २०१४ साली सुरू झालेल्या दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेने यासाठीच दरमहा १००० रुपये ठरवले होते: नोकरी जिल्ह्यात असेल तर २ महिने, राज्यात ३, राज्याबाहेर ६. ते द्याच, पण पोर घरी परतल्यावर. कागदपत्रं पूर्ण व्हायला वेळ लागतो, हे कुणालाही पटतं.

तीन महिन्यांच्या पगारपावत्या जमल्या की फाइल बंद करा. चौथ्या महिन्यात फोन लावू नये. पोर चुकून उचलतं आणि बोलायला लागतं.

निरोपाच्या फोटोत सगळ्यांच्या डोक्यावर शेफची पांढरी टोपी हवीच. फोटो निघाला की टोप्या मोजून परत घ्या, पुढच्या बॅचला लागतात.