पहिली धार ओतून दिली की झालं?

गेल्या महिनाभरात एकच मेसेज मला चार गटांतून आला. मजकूर थोडक्यात असा: घरी दारू गाळायला काचेचा कॉलम (वाफ वर चढते ती उभी नळी) आणा, वर थर्मामीटर लावा. 65 अंशांना येतं ते मिथेनॉल, म्हणजे विष, ते ओतून द्या. 78 ला येते ती शुद्ध दारू. चमचाभर पेटवून बघा, ज्योत निळी असली तर बिनधास्त प्या. काच तांब्यापेक्षा स्वच्छ. घरापुरती केली तर कायदा आड येत नाही. मी वीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत असाच कॉलम लावून मुलांना ऊर्ध्वपातन दाखवते, म्हणून लिहायला बसले.

आधी ते 65 अंश. मिथेनॉल 64.7 ला उकळतं आणि इथेनॉल, म्हणजे दारूतला अल्कोहोल, 78.4 ला, हे खरं. पण एकेकटं असताना. पाण्यात दोन्ही मिसळलेली असली की ती शाळा सुटल्यासारखी एकदमच निघतात, प्रमाण तेवढं बदलत जातं. साध्या भट्टीत पाणी भरपूर असतं, तिथे मिथेनॉल पहिल्या थेंबापासून शेवटच्या थेंबापर्यंत येत राहतं. उंच कॉलममध्ये वर गेलेली वाफ थंड करून पुन्हा पुन्हा खाली सोडली तर ते माथ्याशी गोळा होतं, हेही मान्य. मोठ्या मद्यार्क कारखान्यांत त्यासाठी वेगळा कॉलमच असतो. पण थर्मामीटरला यातलं काही कळत नाही. तो वाफ किती गरम आहे ते सांगतो, वाफेत कोण आहे ते नाही. मिथेनॉल अंशमात्र असेल तर पारा 65 वर थांबतही नाही. आणि पुण्यात, साडेपाचशे मीटर उंचीवर, शुद्ध इथेनॉलच 77 च्या किंचित खाली उकळतं. महाबळेश्वरला 75 च्याही खाली. मेसेजमधला 78 नक्की कुठल्या गावचा?

कॉलम लावला की माल आपोआप शुद्ध, हाही भ्रम. आमच्याकडे गोल बुडाच्या फ्लास्कवर काचेच्या मण्यांनी भरलेली नळी असते. वाफेची ओली रेघ मण्यांतून इंचाइंचाने वर चढते, ती बघताना मुलं गप्प होतात. मग कुणीतरी घाईने आच वाढवतो. मण्यांत द्रव साचून खदखदायला लागतो, कॉलम तुंबतो आणि एवढा वेळ वेगळं झालेलं सगळं पुन्हा एकत्र. सगळं नीट जमलं तरी वजनाने 95.6 टक्क्यांच्या पुढे साध्या ऊर्ध्वपातनाने जाता येत नाही. तिथे पाणी आणि इथेनॉल एकाच प्रमाणात उकळतात.

आता मूळ मुद्दा, विष येतं कुठून? फळांच्या सालीगरातलं पेक्टिन तुटून थोडं मिथेनॉल बनतं. गुळाच्या किंवा साखरेच्या रसायनात (गाळण्यासाठी आंबवलेल्या पाण्याला पोलीस पंचनाम्यातला शब्द) ते जवळजवळ नसतंच. जून 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसं गेली, जून 2024 मध्ये तमिळनाडूत कळ्ळाकुरिचीला साठाहून अधिक. दोन्हीकडे विष म्हणजे कारखान्यांत वापरायचं मिथेनॉल, ते भट्टीच्या नळीतून ठिबकलेलं नव्हतं. पिंपातून मिसळलेल्या विषाला कुठली पहिली धार? गंमत म्हणजे आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ हे कौतुकाचं विशेषण आहे, कारण तीच सर्वांत कडक. मेसेजवाल्याने तीच विष ठरवली.

निळ्या ज्योतीबद्दल एकच वाक्य पुरे: मिथेनॉलही निळंच जळतं, इतकं फिकट की उजेडात ज्योत दिसतसुद्धा नाही. पेटतंय यावरून फार तर पाणी कमी आहे एवढं कळेल.

काच स्वच्छ असते, मान्य. पण आंबवणातून येणारी गंधकाची घाण तांबं धरून ठेवतं, काच नाही. व्हिस्कीची भांडी आजही तांब्याची असतात ती काही हौस म्हणून नव्हे.

कायद्याचं तर उलटंच आहे. 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली महाराष्ट्रात विनापरवाना दारू गाळणं गुन्हा आहे आणि त्यासाठी भट्टीचं साहित्य बाळगणंही. ‘घरापुरती’ अशी सवलत त्यात नाही. गोव्यात फेणीच्या भट्टीलाही अबकारी खात्याचा परवाना लागतो.

मेसेजात ज्याचा उल्लेखच नाही ते सांगते. एकदा प्रात्यक्षिक चालू असताना नळाचा दाब वाढला आणि कंडेन्सरला (वाफ थंड करणाऱ्या भागाला) पाणी पुरवणारी रबरी नळी फट्कन निसटली. पाणी टेबलावर, आणि थंडच न झालेली वाफ सरळ खोलीत. आधी वास आला, मग लक्षात आलं. अशा वाफेला पेटायला ठिणगी पुरते. त्या दिवशी खिडक्या उघड्या होत्या, विजेच्या शेगडीचं बटण माझ्या हाताशी होतं आणि खोलीत कुठे ज्योत नव्हती. मेसेजसोबतच्या फोटोत कॉलम स्वयंपाकघरात, गॅसच्या शेगडीवर उभा आहे.