सध्या दोन्हीत भरा

पालिकेचे कर्मचारी नव्या तंत्रज्ञानाला विरोध करतात, असं सगळे म्हणतात. साफ खोटं. विरोध करायला वेळ लागतो, आणि आमचा सगळा वेळ एकच काम दोनदा करण्यात जातो.

माझ्याकडे आवक-जावकचं टेबल आहे. पूर्वी अर्ज आला की बारनिशीत (म्हणजे आवक-जावकच्या नोंदवहीत) नोंद, पोचवर शिक्का, अर्जदार मोकळा आणि मीही. मग संगणक प्रणाली आली. साहेबांनी क्लिक करून उद्घाटन केलं. स्क्रीन ढिम्म हलली नाही, टाळ्या मात्र वेळेवर पडल्या. कागद जाणार, नस्त्या जाणार, गतिमानता येणार, असं भाषणात आलं. बारनिशीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, तेव्हाच मनात पाल चुकचुकली.

बारनिशी बंद करा, असा लेखी आदेश काही निघाला नाही. उद्या लेखापरीक्षणात कुणी विचारलं तर? म्हणून हेडक्लार्क मॅडमनी पट्टी लावून लाल पेनानं बारनिशीत नवा रकाना आखला: 'ऑनलाइन क्र.' तिकडे प्रणालीवाल्यांनीही लाल चांदणीचा सक्तीचा रकाना टाकला: 'बारनिशी पान व अनु. क्र.' आता हिच्याशिवाय ती पुरी होत नाही आणि तिच्याशिवाय ही पुढे सरकत नाही. मी आधी बारनिशीत पेन्सिलीनं अर्धी ओळ लिहितो, तिचा क्रमांक प्रणालीत टाकतो, गरगरणारं चक्र थांबायची वाट बघतो, मिळालेला क्रमांक शाईनं बारनिशीत उतरवतो आणि पेन्सिल खोडतो. खिडकीतून आवाज येतो, "भाऊसाहेब, कॉम्प्युटर आल्यावर काम लवकर होणार होतं ना?" मी खोडरबर बाजूला ठेवतो आणि म्हणतो, "सर्व्हर स्लो आहे." हे उत्तर कुठल्याही दिवशी खरंच असतं.

प्रशिक्षणही झालं. ट्रेनर मुलगा गोड होता. "अगदी सोपं आहे सर. नेक्स्ट, नेक्स्ट, सबमिट." निवृत्तीला आलेल्या आमच्या रेकॉर्डरूमच्या काकांनी हात वर केला. "सोपं आहे ते कळलं. पण मला याचा उपयोग काय?" मुलगा म्हणाला, "ते पुढच्या सत्रात घेऊ." पुढचं सत्र झालंच नाही.

काकांचा प्रश्न मात्र शास्त्रशुद्ध होता. फ्रेड डेव्हिस या अमेरिकन संशोधकानं १९८९ साली हेच तपासलं होतं: माणूस नवी प्रणाली वापरतो ती सोपी वाटते म्हणून, की कामाची वाटते म्हणून? १५२ वापरणारे आणि चार प्रोग्रॅम तपासल्यावर निघालं असं, की प्रत्यक्ष वापराशी उपयोगाचं नातं सोपेपणापेक्षा कितीतरी घट्ट असतं. पटतं मला. काकांना एके दिवशी आपलं आपणच कळलं, की जुना अर्ज नुसत्या आडनावावरून सापडतो, धूळ झटकत कपाटं उपसावी लागत नाहीत. तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीतही काकांना खुर्चीवरून उठवावं लागतं. त्या शोधाच्या बटणाबद्दल प्रशिक्षणात एक शब्दही नव्हता.

पुढे २००० साली याच डेव्हिसनी विश्वनाथ वेंकटेश यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट मांडली: वापर सक्तीचा असेल तिथे इतरांच्या, म्हणजे वजनदार माणसांच्या, मताला महत्त्व येतं. आमच्याकडे ते महत्त्व व्हॉट्सॲप ग्रुपवर येतं. रोज संध्याकाळी लॉगिनचा तक्ता पडतो, शून्यवाल्यांची नावं लाल. त्यावर आमच्या शिपायानं उपाय काढला. सगळ्यांचे पासवर्ड त्याला पाठ आहेत, सकाळी टेबलं पुसता पुसता तो सगळ्यांना लॉगिन करून ठेवतो. (पासवर्ड ठरावीक मुदतीनं बदलायला लावू नका, असं अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेनं २०१७ मध्येच सांगितलंय. आमची प्रणाली दरमहा बदलायला लावते, म्हणून चालू महिन्याचं नाव हाच सगळ्यांचा पासवर्ड.) तक्त्यात आमचा विभाग हिरवागार आहे. साहेबांनी त्यावर अंगठा दिला.

आता या प्रणालीच्या जागी दुसरी येतेय म्हणे. पहिली बंद होणार का, असं विचारलं तर उत्तर आलं, "सध्या दोन्हीत भरा." म्हणजे बारनिशीत आणखी एक रकाना, म्हणजे रुंद पानांची नवी रजिस्टरं. त्यांची मागणीही ऑनलाइनच नोंदवायची, आणि यादीत 'रजिस्टर' हा पर्यायच नाही. मॅडमनी ती 'संगणकीय साहित्य' या सदराखाली मागवली. मंजुरी त्याच दिवशी आली.