४८० हप्त्यांचं अंतराळ

मी 'रेफरी' आहे हे आईला कळलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "मग शिट्टी कुठाय?"

शिट्टी नाही. दोन फासे आहेत, एक फुगलेली फाइल आहे, चार खेळाडू आहेत आणि ११,००० ग्रहांचं एक साम्राज्य आहे. ते दर रविवारी दुपारी, चटणीच्या बरण्या बाजूला सारून, आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरतं. खेळाचं नाव 'ट्रॅव्हलर'. १९७७ साली अमेरिकेत मार्क मिलर या गृहस्थांनी तो काढला : एक खोकं, त्यात तीन बारक्या काळ्या पुस्तिका. पट नाही, सोंगट्या नाहीत. प्रत्येकाने एक माणूस व्हायचं, "मी दार उघडतो" असं तोंडाने म्हणायचं, आणि दारामागे काय आहे ते रेफरीने सांगायचं. रेफरीला ते आधीपासून माहीत असतं, असा एक समज आहे.

तयार विश्व घेण्यामागे माझा निव्वळ आळस होता. स्वतः ग्रह रचायचे म्हणजे रात्री जागणं आलं. इथे राजे, नकाशे, लढाया सगळं आयतं. 'स्पिनवर्ड मार्चेस' या एका सीमाप्रांतातच चारशेच्या वर ग्रह, आणि प्रत्येकाच्या नावापुढे सातबाऱ्यासारखी नोंद. रेजिना : ए७८८८९९. वाचता यायला लागलं की कळतं, बंदर अव्वल, हवा दाट, पाणी मुबलक, आणि सरकार ९ नंबरचं. ९ नंबर म्हणजे माणसांशी काही देणंघेणं न उरलेली नोकरशाही. हे मला समजावून घ्यावं लागलं नाही.

पण फर्निचरसकट मिळालेल्या घराचं एक असतं. राहायला गेल्यावर कळतं की आतल्या खोलीत जुने मालकही राहतात.

आमच्याकडे हे मालक म्हणजे पंडित. माझ्याच ऑफिसातला, आडनाव वेगळंच आहे. या खेळाचं एक नियतकालिक १९७९ पासून निघायचं आणि त्यात साम्राज्यातल्या बातम्या तारीखवार छापून यायच्या. पंडितने त्या आपल्या घरच्या असल्यासारख्या वाचल्यात. तो मला कधी तोडत नाही. फक्त खोकतो. मी रंगात येऊन कुत्र्यासारख्या तोंडाच्या व्हार्गर चाच्यांचं वर्णन करत होतो, "हे या दूरच्या ग्रहावरचे मूळ रहिवासी..." खोकला. "मूळचे पृथ्वीवरचे आहेत. लांडगे. ३ लाख वर्षांपूर्वी 'प्राचीन' नावाच्या, आता लुप्त झालेल्या जमातीने उचलून नेले." चाचे तलवारी उपसून ताटकळत उभे. पाच मिनिटं वंशावळ झाली, आणि त्यानंतर त्यांची कोणालाच भीती वाटली नाही.

खेळ सुरू व्हायच्या आधीच तीन माणसं दगावली, ती वेगळीच. जुन्या नियमांनुसार आपलं पात्र थेट मिळत नाही. ते अठराव्या वर्षी नोकरीला लावायचं आणि दर चार वर्षांनी, जगलं की गेलं, हे बघायला फासे टाकायचे. नव्या आवृत्त्यांनी यात दया दाखवलीय, पण जुनंच खेळायचं हा पंडितचा हट्ट. शेजारच्यांची कॉलेजात जाणारी मुलगी यानाच्या आशेने टेहळणी दलात भरती झाली. तिथे दोन फाशांवर सात तरी पडावे लागतात, म्हणजे ३६ पैकी १५ वेळा माणूस संपतो. पहिली नायिका २२ व्या वर्षी गेली. दुसरी २६ व्या. "काका, मी अजून तिचं नावसुद्धा ठेवलं नव्हतं हो," ती म्हणाली. मेहुण्याचा जवान पहिल्याच फेरीत गेला. तो म्हणाला, "भाऊजी, निदान चहा येईपर्यंत तरी थांबायचं."

जे जगले ते चाळिशीला टेकून. जगाला वाचवायला निघालेली माझी टोळी म्हणजे गुडघे धरून बसलेली निवृत्त मंडळी. आमच्या सीएचा माणूस व्यापारी जहाजावर २० वर्षं काढून बाहेर पडला. त्याला वर्षाला ४,००० क्रेडिट पेन्शन मिळाली आणि फासे कृपावंत होऊन एक मालवाहू यानही मिळालं. टाळ्या वाजल्या. मग सीएने नियमांतला पुढचा परिच्छेद मोठ्याने वाचला. यान कर्जावर आहे.

इथे माझी मोहीम संपली. फक्त ते मला पुढे चार-पाच रविवारांनी कळलं.

यानाची किंमत ३ कोटी ७० लाख ८० हजार क्रेडिट. हप्ता दरमहा १ लाख ५४ हजार ५००. मुदत ४० वर्षं. हप्ते ४८०. पोटात माल मावतो ८२ टन, भाडं टनाला १,०००. पल्ला जवळचा असो की लांबचा, एका उडीला आठवडा लागतो. त्यात माल चढव-उतार धरला तर महिन्याला दोन खेपा. सीएने मोबाइलवर आकडे मारले आणि चष्मा काढला. "यान मालाने गच्च भरलं तरी हप्ता जाऊन साडेनऊ हजार उरतात. त्यात इंधन, पगार, हवापाणी. हा धंदा कोणी मांडला?"

मी म्हटलं, १९७७ साली, इलिनॉयमध्ये.

मी रात्री जागूनच (आळस कुठे गेला विचारू नका) एक कथा रचली होती. एका ओसाड चंद्रावर 'प्राचीनां'चे अवशेष, आत न विझलेला दिवा, भिंतीवर कोणाला न वाचता येणारी लिपी. एका मरणाऱ्या म्हाताऱ्याने यांच्या हातात नकाशा कोंबला. सीएने विचारलं, "तिकडे जाताना कोणाचा माल आहे का?" नव्हता. येताना? अवशेषांतून माल कसला येणार! नकाशा फाइलला लागला.

त्यापेक्षा शीतपेट्यांत त्यांना रस. यानात २० पेट्या असतात. त्यांत गरीब प्रवासी १,००० क्रेडिटला गोठून जातात आणि मुक्कामी जागे होतात. किंवा होत नाहीत, त्यालाही फासे आहेत. "नाही उठला तर पैसे परत?" मुलीने विचारलं. सीए दुखावल्यासारखा म्हणाला, "भाडं आगाऊ घेतो आपण."

मेहुण्याने सरळ मार्ग सुचवला. "भाऊजी, बुडवू आणि पळू. या विश्वात फोन नाही, बातमी यानानेच जाते ना? बँकेला कळेपर्यंत आपण कुठल्या कुठे!" मला आनंद झाला. पाठलाग! फरारी! मी पान उलटतो तोच खोकला आला. "आपलं यान आठवड्याला १ पार्सेक, म्हणजे सव्वातीन प्रकाशवर्षं जातं. सरकारी टपालयान ४." मेहुण्याने हिशोब केला. आपण जिथे उतरू तिथे नोटीस आधीच पोचलेली असणार. त्याने विषय सोडला आणि रेजिनाच्या बंदराबाहेर बंदूक मिरवायला गेला. कायदा ९ : घराबाहेर शस्त्र बंदी. त्याला सोडवून आणण्यात एक रविवार गेला, आणि खरं सांगतो, तो आमचा सगळ्यात थरारक रविवार होता. खिडकी क्रमांक तीनची भूमिका मी केली. "साहेब जेवायला गेलेत," हे वाक्य मी इतक्या सहज म्हटलं की बायकोने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं.

मग युद्धाचं प्रकरण झालं. आमचा खेळ साम्राज्याच्या ११०५ सालात सुरू होतो. ११०७ मध्ये पाचवं सीमायुद्ध पेटतं, हे पंडितच्या तोंडून गेलं. सीए हळूच म्हणाला, "नक्की?"

"छापलेलं आहे."

"म्हणजे दोन वर्षांनी औषधं, सुटे भाग..."

मी टेबलावर हात आपटला. तुमच्या पात्रांना हे कसं माहीत? सीए म्हणाला, "माझा माणूस दूरदृष्टीचा आहे." मी कागद दाखवला : बुद्धी ४. "हो, पण शिक्षण ११," तो म्हणाला. मी धमकी दिली, युद्ध होऊच देणार नाही. त्यावर पंडित खोकलासुद्धा नाही. नुसता बघत राहिला, विठोबाची मूर्ती हलवतो म्हटल्यासारखा. संध्याकाळी मी गुपचूप युद्ध परत ठेवलं. एव्हाना त्यांनी गोदामही भाड्याने घेतलं होतं.

गेल्या रविवारी पहिला हप्ता भरला गेला. वेळेवर, पूर्ण. चौघे उठून नाचले. अवकाशातल्या कोणत्याही लढाईनंतर या टेबलावर असा जल्लोष झालेला नाही. आई बाहेर आली, पेढ्यांचा बॉक्स उघडत म्हणाली, "किती राहिले?"

"४७९," सीए म्हणाला.

तिने एक पेढा देवापुढे ठेवला.

गडबड ओसरल्यावर मुलीने फाइलीतून बाहेर आलेलं नकाशाचं टोक ओढलं. "काका, ते अवशेष राहिलेच की." माझ्या आत काहीतरी टुणकन उठून बसलं. मी फासे हातात घेतले.

पंडित खोकला. "३ लाख वर्षं तिथेच आहेत. पुढच्या रविवारीही असतील."