चिमण्यांचा वाद आणि चिमण्यांचा हिशेब

दरवर्षी २० मार्चचा जागतिक चिमणी दिवस जवळ आला, की भारतातून येणाऱ्या संदेशांत तोच वाद रंगतो: चिमण्या मोबाइल टॉवरनी मारल्या की सिमेंटच्या घरांनी? ब्रिटनमध्ये बसून तो वाचताना खटकते ते हे, की आधी किती चिमण्या होत्या आणि आता किती उरल्या, हे त्यात क्वचितच कोणी विचारतो.

इथे आरएसपीबी ही पक्षिसंवर्धन संस्था १९७९पासून जानेवारीच्या अखेरीस लोकांकडून पक्षी मोजून घेते. तासभर खिडकीशी बसायचे आणि एका जातीचे एकाच वेळी जास्तीत जास्त जेवढे पक्षी दिसतील तेवढेच लिहायचे. कारण कुंपणावरून उडालेली चिमणी दहा मिनिटांनी परत आली, तर ती दोनदा धरली जाऊ नये. पहिल्या वर्षी माझ्या पदरात चार चिमण्या आणि एक रॉबिन एवढेच पडले. एवढासा आकडा पाठवायची लाज वाटली; पण माझ्यासारखे सगळेच गप्प राहिले, तर कागदावर सुबत्ताच दिसेल, हे मग ध्यानात आले.

अशा लाखो नोंदींतून कळले, की यादीत आजही अव्वल असलेली चिमणी १९७९च्या तुलनेत जवळपास ६० टक्क्यांनी घटली आहे. तेव्हा मोजल्याने पक्षी वाचतात, असा भाबडा समज इथे राहूनही होत नाही. ग्रीनफिंच या छोट्या पक्ष्याची कथा तर अधिक बोचरी आहे. २००६च्या सुमारास ट्रायकोमोनोसिस या परजीवीमुळे होणाऱ्या रोगाची साथ पसरून तो झपाट्याने कमी झाला, आणि हा रोग पसरण्याचे एक ठिकाण निघाले लोकांनी मायेने ठेवलेले दाणापाणी.

भारतात मोजणारे नाहीत, असे मुळीच नाही. हजारो हौशी निरीक्षकांच्या ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरील नोंदींतून तयार झालेल्या २०२०च्या राष्ट्रीय अहवालाने चिमणी देशभरात साधारण स्थिर असली, तरी मुंबई-दिल्लीसारख्या महानगरांत हळूहळू घटत असल्याचे दाखवले. टॉवरवरच्या आरोपाला पुरेसा पुरावा नाही, हेही त्यात आहे. पिल्लांना लागणारे किडे आणि घरट्यांच्या जागा कमी होणे ही कारणे अधिक पटण्याजोगी मानली जातात. हे खरे असेल, तर घरट्यांसाठी लाकडी खोकी वाटण्याचा आपला आवडता कार्यक्रम अर्धाच उरतो, कारण खोक्यात अळ्या मिळत नाहीत आणि त्याच आवारात कीटकनाशकाची फवारणी चालू असते. निदान टांगलेल्या खोक्यांपैकी किती भरली आणि किती रिकामी राहिली, एवढे तरी दरवर्षी लिहून ठेवायला हवे. रिकाम्यांचा आकडा तर आधी.