उणे दहाचा टॅग आणि आत काय, ते गुलदस्त्यात

ठाण्यात थंडीचे चांगले जॅकेट विकत घेणे हा निव्वळ मनस्ताप झाला आहे. जानेवारीत गुलमर्गला स्कीइंग शिकायला जायचे म्हणून घोडबंदर रस्त्यापासून नौपाड्यापर्यंत दुकाने पालथी घातली, पण जॅकेटच्या आत काय भरले आहे आणि किती ग्रॅम, या साध्या प्रश्नाचे धड उत्तर एकाही ठिकाणी मिळाले नाही. मिळाले ते एकच वाक्य: “सर, हे उणे दहापर्यंत चालतं.”

उणे दहा कोणाला चालते? स्वस्थ उभ्या असलेल्याला की चालणाऱ्याला, आत नुसता शर्ट असताना की थर्मल आणि फ्लीस चढवल्यावर, वारा सुटलेला असताना की नसताना? यातले काहीही न सांगता टॅगवर आकडा छापणे ही शुद्ध धूळफेक आहे. स्लीपिंग बॅगसाठी तापमान मोजण्याची ठरलेली मानक पद्धत आहे. पर्यटकांच्या जॅकेटवरचा आकडा मात्र बहुधा कंपनीच ठरवते.

एका दुकानात जॅकेट ट्यूबलाइटसमोर धरून पाहिले, तर शिवणीच्या प्रत्येक ओळीतून उजेड दिसत होता, म्हणजे तिथे भरण नावालाही नव्हते आणि थंडी नेमकी तिथूनच आत येणार होती. आतल्या पट्टीवर ‘पॉलिएस्टर १०० टक्के’ असे स्पष्ट छापलेले असताना विक्रेता ते डाउन असल्याचे छातीठोकपणे सांगत होता! डाउन म्हणजे बदकांच्या आणि हंसांच्या पिसांखालची मऊ लव. तिचा कस फिल पॉवरवर, म्हणजे एक औंस लव किती घन इंच जागा व्यापते यावर ठरतो. ५५० साधारण, ८०० उत्तम. ही लव भिजली की चिकटून बसते आणि ऊब जाते, तर कृत्रिम भरण ओलसर झाले तरी बऱ्यापैकी ऊब धरून ठेवते. बर्फात धडपडत शिकणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक सर्वांत महत्त्वाचा, आणि विकणाऱ्याला त्याचा गंधही नाही.

त्यात पुन्हा ‘जितके जाड तितके गरम’ हा हेका. उतारावर घाम फुटतो आणि तो बाहेर पडायला वाट नसेल, तर खाली येऊन रांगेत उभे राहताच तोच ओलावा अंग गारठवतो. गुलमर्गच्या गोंडोलाचा, म्हणजे रोपवेचा, दुसरा टप्पा जवळपास ४,००० मीटर उंचीवर जातो. तिथल्या वाऱ्यात घामेजलेल्या अंगाने उभे राहणे धोक्याचे आहे. म्हणून काखेखाली उघडणारी चेन, कमरेशी बर्फ अडवणारा आतला पट्टा, १०,००० मिलिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब सोसूनही पाणी अडवणारे कापड यांची चौकशी करावी, तर “वॉटरप्रूफच आहे” म्हणत बाटलीतले चार थेंब शिंपडून दाखवतात. चार थेंब कोणत्याही लेपावरून ओघळतात. ओल्या बर्फात बसल्यावर पाणी दाबाने शिरते आणि टेप न लावलेल्या शिवणींतून सर्वांत आधी शिरते.

वर बिलावर अट असते की सात दिवसांतच बदलून मिळेल आणि टॅग काढला तर तेही नाही. जिथे जानेवारीतही पंखा लावावा लागतो, तिथे गिऱ्हाइकाने हे जॅकेट सात दिवसांत तपासायचे कुठे? पाच आकडी किंमत लावणाऱ्याने भरण कसले, किती ग्रॅम आणि शिवणींना टेप आहे की नाही, एवढे तरी लेबलवर छापलेच पाहिजे.