शिबिर घ्यायचं की यादीत नाव द्यायचं?

मंग्याला जाऊन वर्ष होत आलं. ब्लड कॅन्सर. त्याच्या वाढदिवसाला त्याच्या नावाने काहीतरी करायचं यावर फडके रोडच्या आमच्या कट्ट्यावर सगळ्यांचं एकमत, वाजलं ते नेमकं काय करायचं यावर.

पक्याचं म्हणणं, दणक्यात रक्तदान शिबिर घेऊ, मांडव टाकू, मंग्याचा फोटो लावू, १०० बाटल्या तरी जमवू. मी म्हटलं चांगलंच आहे रे, पण मंग्याला काय लागायचं ते आठव ना. किमो सुरू झाली की प्लेटलेट्स, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, धडाधड खाली, आपल्याला दीड ते चार लाख असतात, त्याच्या १० हजारांच्याही खाली जायच्या, मग हिरड्यांतून रक्त आणि रात्री ग्रूपवर मेसेज, डोनर पाहिजे. आणि प्लेटलेट्स टिकतात जेमतेम ५ दिवस. लाल पेशी फ्रीजमध्ये महिनाभर राहतात, ह्या नाही राहत, म्हणजे या रविवारी १०० जण आले तरी पुढच्या रविवारी जो पोरगा ॲडमिट असेल त्याला त्यातल्या प्लेटलेट्स मिळणार नाहीत, त्याला त्याच आठवड्यात कोणीतरी उठून जायला लागतं.

मेघा म्हणाली मग ब्लड बँकेत आपली नावं देऊन ठेवू, फोन आला की ज्याला जमेल त्याने जायचं.

सुन्या लगेच, "तासभर सुई लावून बसायचं? अन् ऑफिस?" हो, तास दीड तास जातो. मशीन रक्त ओढतं, प्लेटलेट्स बाजूला काढतं आणि बाकीचं आपल्यालाच परत देतं, म्हणून तर ४८ तासांनी परत देता येतात, आठवड्यात जास्तीत जास्त दोनदा आणि वर्षात २४ वेळा. वजन ५० किलोच्या वर पाहिजे, आधीचे तीन दिवस ॲस्पिरिन नको, हाताची शीर चांगली लागते. शीर नाही मिळाली तर परत पाठवतात, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

वैभ्या इतका वेळ गप्प होता. म्हणाला, "मला परळला पाय ठेववत नाही." तिथल्या हॉस्पिटलमध्ये मंग्याबरोबर सगळ्यात जास्त रात्री त्यानेच काढल्या होत्या, त्याला कोण काय बोलणार, आणि बोलूही नये. पण मेघाने बरोबर सुचवलं, यादी सांभाळायला पण माणूस लागतो, कोणाचा ग्रूप कुठला, कोणी कधी दिलं, आता कोणाला फोन करायचा. हे घरी बसून होतं आणि हेच सगळ्यात आधी ढेपाळतं. वैभ्या हो म्हणाला.

मेघा स्वतः वेगळंच करणारे. कॅन्सरचं टाटा हॉस्पिटल १९४१ पासून परळला आहे, बिहार, बंगाल, आसाममधून लोक येतात, कोणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात, जागा नाही मिळाली तर कुटुंबच्या कुटुंब फुटपाथवर. कुठल्या बिल्डिंगमध्ये जायचं, फॉर्मवर काय लिहायचं हे विचारायला त्यांना आपलं माणूस नसतं. तिला बंगाली येतं, शनिवारी जाणारे.

पण पक्या काही सोडेना, आणि त्याचा मुद्दा मला शेवटी पटला. आपण दहाबारा जण किती दिवस पुरणार, नवीन माणूस येणार कुठून? आणि मंग्याच्या आईला बरं वाटेल ना, तिच्या पोराच्या नावाने लोक जमलेले बघून. मग म्हटलं शिबिर घे, पण तिथेच प्लेटलेट्सच्या यादीसाठी नावं लिहून घ्यायची आणि बोन मॅरो, म्हणजे हाडांतला रक्त तयार करणारा मगज, तो पेशंटला द्यायला तयार असणाऱ्यांच्या नोंदणीचंही बघायचं. दात्री ही रजिस्ट्री २००९ पासून हे काम करतेय, गालाच्या आतून कापसाने सॅम्पल घेतात, बस. सख्ख्या भावंडाशी पूर्ण मॅच व्हायचा चान्स चारात एक, मंग्याच्या भावाचं नाही जुळलं हे आपण बघितलंय, मग परक्या माणसाचाच आधार उरतो.

एक अट मात्र मी घातलीय. शिबिराच्या आधी आपल्यातल्या ज्याला ज्याला चालतं त्याने एकदा प्लेटलेट्स देऊन यायचं, मगच लोकांना सांगायचं. पक्या तयार आहे. सुन्याचं अजून विचार करतो चाललंय.